शेवटची खाच

राव्दनाच्या कमरेला दोन सुऱ्या असत. मोठी सुरी बर्चच्या फांद्या तोडायला, तंबूचे खुंट तासायला, आणि समोरचा फारच शहाणपणा करू लागला तर नुसता हात ठेवायला. लहान सुरी बाकीच्या सगळ्या जगाला. तर्जनीएवढं पातं, बर्चच्या गाठीची मूठ, शिंगाचं म्यान. सुकं मांस कापायचं हिच्यानं, मासा साफ करायचा हिच्यानं, दोरी, कातडं, बोटात घुसलेलं कुसळ, कॉफीत टाकायचं चीज, सगळं हिच्यानंच. धार लावून लावून पातं निम्मं झिजलं होतं. नवी सुरी घ्या म्हणून सांगणाऱ्याला राव्दना विचारायची, "नाक झिजलं तर नवं घेशील का?" आणि उन्हाळ्यात पाडसांचे कान कापायचे तेही ह्याच सुरीनं.

उत्तरेकडच्या त्या थंड मुलखात तिच्या लोकांचं सगळं कानावर चालतं. उघड्या डोंगरावर रेनडिअरचे कळप एकमेकांत मिसळून चरतात, त्यांना ना दावं ना गोठा. कुठला कुणाचा ते कानाच्या कडेला पाडलेल्या खाचांवरून ओळखायचं. ज्याची त्याची खूण वेगळी, आणि बापाची खूण पोरांकडे येते ती थोडासा फरक करून. कापलेला कान पुन्हा भरून येत नाही. म्हणजे खाच वाढवता येते, कमी करता येत नाही, आणि पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

राव्दनाच्या सासऱ्याने आपली खूण थोरल्या ऊल्लाला जशीच्या तशी दिली. धाकट्या योव्सेतला, म्हणजे राव्दनाच्या नवऱ्याला, तीच खूण दिली आणि वर डाव्या कानाच्या खालच्या कडेला एक बारीक खाच जास्त. ऊल्लाच्या पाडसाच्या कानाला ती एक खाच पाडली की पाडस योव्सेतचं झालं. उलटं काही केल्या होत नाही. म्हाताऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. पण आपली पोरं पुढे एकमेकांकडे चोर म्हणून बघतील असं कुठल्या बापाला वाटतं?

बरीच वर्षं काही झालं नाही. मग एका शरदात, पानं पिवळी पडायच्या दिवसांत कळप वाडग्यात, कुंपण घातलेल्या आवारात, आणले तेव्हा ऊल्लाला एक पाडस दिसलं. कानांवरच्या बाकी सगळ्या खाचा उन्हाळ्यातल्या, वाळून केस फुटलेल्या. डाव्या कानाची ती एक खाच मात्र ताजी, लाल. पाडस तोवर आईपासून तुटलेलं, त्यामुळे कुठल्या मादीचं ते सांगायला कोणी नव्हतं. ऊल्लाने सगळ्यांसमोर तो कान हातात धरला आणि विचारलं, "ही कधी कापलीस?"

"परवा," योव्सेत म्हणाला. "उन्हाळ्यात कापताना हातातून सुटलं. एवढी एकच राहिली होती. परवा डोंगरात गावलं, पुरी केली."

"मग उन्हाळ्यात बोलला का नाहीस?"

"हसले असते सगळे."

यावर खरंच सगळे हसले, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. पाडस ऊल्लाच्या वाट्याला गेलं. पोलीस आले नाहीत, पंचायत बसली नाही. चोर हा शब्द कुणी काढलासुद्धा नाही. काढला असता तर योव्सेतला निदान नाही म्हणता आलं असतं.

त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. ऊल्लाने त्याचं नावही टाकलं. अगदीच वेळ आली तर "खालच्या तंबूतला" म्हणायचा. योव्सेत मेला तेव्हा ऊल्ला चर्चच्या कुंपणाशी टोपी काढून उभा राहिला आणि माती पडताच निघून गेला.

त्या उन्हाळ्यात राव्दना तिथे नव्हती, शरदातही नव्हती. तिची आई शेवटचे दिवस मोजत होती, ती तिच्या उशाशी होती. पाडस सुटलं की नाही ते तिने पाहिलं नव्हतं. लोकांसमोर ती वाघीण झाली. दुकानात कुणी डोळा मिचकावला तर त्याची सात पिढ्यांची अंडीपिल्ली तिथेच बाहेर काढायची. पण लोक गेले, तंबूचं दार पडलं, की तिच्या मनात ते उभं राहायचं. लग्नाआधीपासून ती कान कापत आलेली बाई. पाडस गुडघ्याखाली, कान मुठीत, आणि सुरी अशी की चार श्वासांत काम पुरं. ह्यातून पाडस सुटतं कसं? आणि सुटायचं तर नेमकी तीच खाच राहिली असताना? नवऱ्यावर तिचं प्रेम होतं, ते कमी झालं नाही. विश्वासाचं मात्र काही सांगता येत नव्हतं. ज्याच्यासाठी आपण जगाशी भांडतो त्याच्याबद्दल आपल्यालाच खात्री नसावी ह्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

योव्सेत गेल्यावर त्याची खूण राव्दनाकडे आली. स्वतःची तिने मुलीला, रिस्तेनला, आधीच देऊन टाकली होती. मायलेकी मिळून काम करत. रिस्तेन दोराचा फास टाकायची, राव्दना कापायची.

यंदा समुद्रावरून गार वारा होता. डासांना उभं राहवत नव्हतं, म्हणून माणसं खुशीत होती. वाडग्यात कळप गोल गोल फिरत होता, हजार खुरांचा कटकट आवाज, मधूनच पाडसांचं घशातलं ओरडणं. फाटकाशी हेइका उभा. जनावरांपेक्षा जिभेला जास्त मोकळं सोडणारा शेजारी. कान कापून झाला की कापणाऱ्याने मालकाचं नाव मोठ्यानं पुकारायचं, म्हणजे सगळ्यांच्या कानी पडतं आणि पुढे वाद राहत नाही. हेइका प्रत्येक नावाला शेपूट जोडत होता.

"राव्दना!" तिने पुकारलं.

"ऐकलं, ऐकलं," हेइका म्हणाला. "समुद्रातल्या माशांनी पण ऐकलं. आता ते पण तुझेच."

"तुझी जीभ कापायला येऊ का? सुरी हातातच आहे."

"जिभेला खूण करशील आणि माझी आहे म्हणून घेऊन जाशील. घरी बायको रडेल."

"नाही रे, नाचेल ती," रिस्तेन म्हणाली, आणि तेवढ्यात फास टाकून तिने एक काळपट पाडस ओढत आणलं. त्याच्यामागे त्याची आई, एका शिंगाची मोठी मादी, डोळे फिरवत येत होती. मादीच्या डाव्या कानाला ती बारीक खाच होती. आपलीच.

राव्दनाने पाडसाला गुडघ्याखाली घेतलं. गळ्यातला फास सैल करून काढून टाकला, हीसुद्धा तिची जुनी सवय, दोर मध्ये आलेला तिला खपत नसे. उजवा कान. मग डावा. टोक, वरची कड. हात आपोआप चालला होता. योव्सेतचा हातही असाच चालायचा. आधी बापाने शिकवलेली अख्खी खूण, आणि मग शेवटी आपली ती एक खाच. लहानपणी हाताला जी वाट पडली तिच्यातच हात जाणार.

तिने शेवटच्या खाचेसाठी कान मुडपला, आणि मादीने पाठीमागून ढुशी मारली. शिंग फार जोरात लागलं नाही, पण राव्दना हातांवर पडली. पाडसाने अंग झाडलं आणि ते निसटलं. क्षणात ते कळपात शिरलं, आई त्याच्यामागे.

राव्दना चिखलात गुडघे टेकून तशीच राहिली. सुरी हातात होती. पातं स्वच्छ, धार जिथल्या तिथे.

"लागलं का गं?" रिस्तेन धावत आली.

"नाही."

"मग ऊठ ना. काय झालं?"

राव्दनाला उठवत नव्हतं. असं होतं तर. एवढंच होतं. मागून एक ढुशी, आणि संपलं. ती आयुष्यभर ज्याला अशक्य म्हणत आली होती त्याला खोकल्याइतकाही वेळ लागला नव्हता. आत्ता ह्या घटकेला कळपात एक पाडस पळत होतं, ते तिच्या मादीच्या पोटचं होतं, आणि त्याच्या कानावर ऊल्लाची पुरी खूण होती.

रिस्तेनच्याही ध्यानात आलं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "कुणाचं लक्ष नाही, आई. मी पलीकडून जाते, फास टाकते. तू ये. एक खाच मारायची आणि मोकळं व्हायचं. ह्या कानाचं त्या कानाला कळणार नाही."

"तुझ्या बापानं तेच केलं."

रिस्तेनचा चेहरा उतरला. "मग काय करायचं? संध्याकाळी फाटक उघडेल. शरदापर्यंत ते आईपासून तुटेल, आणि मग ते काकाचं. काका देतील का परत? त्यांच्याकडे मागायला जायचं आपण? त्यांच्याकडे?"

"मागायला नाही," राव्दना म्हणाली आणि उठली.

ती वाडग्याच्या मधून सरळ चालत गेली. कळप तिच्या दोन्ही बाजूंनी फुटून वाहत होता. ऊल्ला पलीकडच्या कुंपणाला टेकून दोर गुंडाळत होता. म्हातारा वाळून काठी झाला होता. तिला येताना बघून त्याने दोन्हीकडे पाहिलं, आपल्यामागे आणखी कोणी आहे का म्हणून. एवढ्या वर्षांत ती त्याच्याकडे चालत आली नव्हती.

"ऊल्ला," ती म्हणाली, आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "तुझ्या खुणेचं एक पाडस माझ्या मादीमागे पळतंय."

फाटकाशी हेइका काहीतरी बोलत होता तो थांबला. आपणहून थांबला, हे लोकांना पुढे कितीतरी दिवस आठवलं.

"माझ्या खुणेचं?" ऊल्ला म्हणाला.

"मीच कापलं. एक खाच राहिली आणि सुटलं. खुणेप्रमाणे ते तुझं. सांगून ठेवते, म्हणजे शरदात कुणाला कान धरून विचारायला नको."

ऊल्लाने दोर गुंडाळायचं थांबवलं. "तुझ्या हातून सुटलं?"

"माझ्या हातून."

"तुझ्या?"

"किती वेळा सांगू? मागून मादी आली. ती काय, विचारून येते?"

कोणी हसलं नाही. तिला वाटलं होतं हसतील. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. पण तिथल्या प्रत्येकाने राव्दनाचा हात पाहिला होता. तिच्या हातून सुटतं, तर कुणाच्याही हातून सुटतं. हे गणित सगळ्यांनी एकाच वेळी केलं, आणि सगळ्यांनाच आपापल्या बुटांकडे बघावंसं वाटलं.

ऊल्लाने कळपाकडे बघितलं. मग म्हणाला, "ती खाच आधी कापायची. शंभरदा सांगितलं होतं त्याला. आधी आपली कापावी, मग बाबांची. बाबांचीच आधी कापायचा गाढव."

"मीही तशीच कापते."

"तूही गाढव."

त्याने दोराचे वेढे हातावर घेतले आणि तो कळपाकडे निघाला. ह्या वयात त्याने फास टाकणं सोडलं होतं, नातू टाकत असत. पहिला फास हुकला, एका मोठ्या नराच्या पाठीवरून घसरला. कोणी मदतीला गेलं नाही. दुसरा बरोबर त्या काळपट पाडसाच्या गळ्यात पडला. त्याने ते ओढत आणलं, खाली पाडलं, आणि गुडघ्याखाली धरलं. मादी वळून आली तशी रिस्तेन मध्ये जाऊन उभी राहिली.

"काप," ऊल्ला म्हणाला.

राव्दना जागची हलली नाही. "माझी सुरी कापलेल्या कानाला लागणार नाही. उद्या पुन्हा कुणी म्हणायला नको."

"कोण म्हणणार आहे?"

"मागं कोण म्हणालं होतं?"

हे सगळ्यांना ऐकू गेलं. एक पाडस घेऊन गप्प बसणं ऊल्लाला सोपं होतं. खूण त्याची होती, रीत त्याच्या बाजूची होती, मालकिणीनेच तोंडाने कबूल केलं होतं. पाडसाचा कान मुडपला की मात्र फार काही मुडपावं लागणार होतं. राव्दना वाट बघत राहिली. आता हा उठेल आणि पाडस सोडून देईल असं तिला वाटलं, आणि तिला भीती वाटली. पाडसाची नाही. हा आत्ता उठला तर योव्सेत कायमचा तसाच राहणार होता, शरदातल्या त्या हसण्यात उभा.

ऊल्लाने हात पुढे केला. "सुरी दे."

"तुझी आहे की कमरेला."

"दे म्हणतो ना."

कानाची सुरी कुणी कुणाला देत नाही. राव्दनाने पातं स्वतःकडे धरून मूठ त्याच्यापुढे केली. त्याने ती घेतली आणि मूठ हातात फिरवून बघितली. भावाच्या हातची मूठ त्याला ओळखू आली असणार, योव्सेतला मूठ नेहमी थोडी जाड ठेवायची खोड होती. मग त्याने कान मुडपला आणि खाच पाडली. आपली खूण आपल्याच हाताने मोडली. खाच तिरपी झाली.

रीतीप्रमाणे त्याने मान वर करून नाव पुकारलं. राव्दनाचं पुकारायला हवं होतं.

"योव्सेत!"

आवाज वाडग्याच्या टोकापर्यंत गेला. फाटकाशी हेइकाने नुसती मान हलवली.

पाडस उठून आईकडे पळालं. राव्दनाने सुरी परत घेतली, बाहीला पुसली. "तिरपी पाडलीस," ती म्हणाली.

"मग तूच पाडायची होतीस."

तिला वाटलं होतं, हा दिवस आला तर आपण रडू, नाहीतर नाचू. तसं काही झालं नाही. तिला राग आला होता. एका हाकेचं काम होतं, आणि ही हाक ऐकायला योव्सेत असताना ह्या म्हाताऱ्याला सुचली नाही. अजून थोडं बोलली असती तर त्याला घालूनपाडून बोलली असती. म्हणून ती गप्प राहून पुढचं पाडस कापायला गेली. ह्या वेळी तिने ती खाच आधी कापली.

काम उरकल्यावर लोक आपापल्या शेकोटीला बसले. ऊल्ला कप घेऊन राव्दनाच्या शेकोटीपाशी आला आणि बस म्हणायची वाट न बघता बसला. रिस्तेन किटली त्याच्याकडे सरकवून लाकडं आणायला गेली. लाकडं भरपूर होती. राव्दनाने सुक्या मांसाच्या चकत्या पाडून दोघांच्या कॉफीत टाकल्या.

"आठवतं मला," ऊल्ला म्हणाला. "त्या दिवशी तो माझ्याकडे बघतच नव्हता. मला वाटलं, चोर आहे म्हणून बघत नाही."

"लाजत होता."

"आता कळतं." त्याने घोट घेतला, मांस चावलं. दात थोडे उरले होते, वेळ लागला. "माझं सोड. मी भाऊ असून विश्वास नाही ठेवला. तुझा तरी होता. तेवढा आधार होता बिचाऱ्याला."

राव्दनाला काही बोलायची गरज नव्हती. कप तोंडाला लावला असता तरी भागलं असतं. अख्खं वाडगं आज तिच्या बाजूने होतं. उद्यापासून दुकानात तिला कुणी डोळा मिचकावणार नव्हतं, उलट मान देणार होते, नवऱ्याच्या मागे भिंतीसारखी उभी राहिली म्हणून. आणि ऊल्लाही तेच समजून मरेल, त्यात कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"नव्हता," ती म्हणाली.

ऊल्लाने वर बघितलं.

"आईला पुरून परत आले तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं. आज माझं झालं तसंच, मादी मागून आली म्हणून. मी म्हटलं, माझ्या हातून तर कधी सुटलं नाही."

"मग? काय म्हणाला तो?"

"भांडला असता तर बरं झालं असतं." तिने हातातली सुरी म्यानात घालायला घेतली, ती एकदम आत जाईना. "म्हणाला, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. आणि कमरेची ही सुरी काढून माझ्या हातात दिली. त्यानंतर त्यानं एकही कान कापला नाही, ऊल्ला. लोकांना वाटायचं, मी कापू देत नाही."